रविवारचे तीन तास, आठवडाभराचे बिल
ऊर्जा-प्रश्नोत्तरे : ल्युथरन मंडळ्यांसाठी

ल्युथरन (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्चच्या इमारती आणि त्यांचा वीज-गॅसचा वापर यांवर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. काही पत्रे त्या मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदसमूहांच्या, मराठी सभासदांची आहेत, काही चर्चचे सभागृह भाड्याने घेणाऱ्यांची. चर्च ही आठवड्यातले बहुतेक तास रिकामी असणारी इमारत आहे आणि खर्चाचा मोठा भाग त्या रिकाम्या तासांतच होतो. उत्तरे वाचताना हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आमच्या मंडळीने वापर कमी करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली आहे. इमारत १९५८ची. गॅसवर चालणाऱ्या, गरम हवा सोडणाऱ्या चार फर्नेस (भट्ट्या) आहेत. कुणी म्हणते आधी एलईडी लावा, कुणी म्हणते खिडक्या बदला. सुरुवात कुठून करावी? (मिनीआपोलिसजवळून, मिनेसोटा, अमेरिका)

दोन्ही थांबवा. आधी मागच्या चोवीस महिन्यांची गॅसची आणि विजेची बिले काढा. बारा महिन्यांवर भागत नाही, कारण एखादा हिवाळा सौम्य गेला तर आपल्या उपायानेच फरक पडला असे वाटते. अमेरिकेच्या 'एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर' या ऑनलाइन साधनात प्रार्थनास्थळांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात क्षेत्रफळ, आसनसंख्या, वापराचे तास आणि बिलांतले आकडे भरले की तशाच इतर इमारतींच्या तुलनेत १ ते १०० असा गुणांक मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत.

कार्बनचा हिशेब कागदावरही होतो. एक थर्म (बिलातले गॅसचे माप) गॅस जाळला की सुमारे ५.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला ४,५०० थर्म जात असतील तर ते झाले जवळजवळ २४ टन. विजेचा आकडा तुमची वीजकंपनी कोळसा, वारा अशा कशाकशापासून वीज बनवते त्यावर ठरतो. युनिटला ०.४ किलो धरले तर ३०,००० युनिटांचे १२ टन होतात. मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात गॅसचे पारडे असेच जड राहते, त्यामुळे दिव्यांपासून सुरुवात केलेल्या समित्या वर्षभर राबतात आणि बिल फारसे हलत नाही.

मग एक चाचणी करा. रविवारी रात्री दहाला, सगळे गेल्यावर, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी सहाला पुन्हा. मोठ्या इमारतीच्या मीटरवर गुणक लिहिलेला असतो (२०, ४० असा). फरकाला त्याने गुणायचे. समजा आठ तासांत १४ युनिटे गेली. म्हणजे माणूस नसताना १.७५ किलोवॅट सतत ओढले जात आहेत. वर्षाच्या ८,७६० तासांना ही १५,३३० युनिटे झाली, वर धरलेल्या वापराच्या निम्मी!

हा चोर शोधायला टॉर्च घेऊन रात्रीच फिरावे. पहिला संशय फर्नेसच्या पंख्यावर घ्या. थर्मोस्टॅटवर (आतले तापमान ठरवणाऱ्या यंत्रावर) पंख्याचे बटण 'ऑटो'ऐवजी 'ऑन'वर असेल तर आच नसतानाही पंखा चोवीस तास फिरतो. जुन्या मोटरीचा पंखा सहज ५०० वॅट खातो, आणि तुमच्याकडे असे चार आहेत. त्यानंतर ऑर्गनचा ब्लोअर (त्या वाद्याच्या नळ्यांना हवा पुरवणारा पंखा) आणि ध्वनियंत्रणेचे अॅम्प्लिफायर पाहा. तळघरात अर्धे रिकामे चाललेले तीन फ्रीज, पन्हळीतला बर्फ वितळवणारी तार, प्रकाशसंवेदक बिघडल्याने दिवसाही जळणारे बाहेरचे दिवे, हे नेहमीचे. दारावरच्या 'एक्झिट'च्या जुन्या पाट्यांत प्रत्येकी ४० वॅटचे बल्ब असतील तर एक पाटी वर्षाला ३५० युनिटे घेते. एलईडीची पाटी तीसच्या आत भागवते. एलईडी लावायचे तर आधी इथे लावा. उपासनागृहातले झुंबर आठवड्याला तीन-चार तास पेटते, त्याची पाळी शेवटी.

प्रश्न : आमचे मालमत्ता समितीचे अध्यक्ष म्हणतात की रात्री तापमान उतरवले तर सकाळी परत तापवायला जास्तच गॅस लागतो, म्हणून ६८ अंश फॅरनहाइटवरच राहू द्या. हे खरे का? (सेंट पॉल)

नाही. इमारतीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. मिनेसोटात डिसेंबर ते मार्चची सरासरी २२ अंश फॅरनहाइटच्या आसपास येते. आत ६८ असेल तर फरक ४६चा. आत ५५ ठेवले तर ३३चा, म्हणजे त्या तासांपुरती गळती सुमारे २८ टक्क्यांनी कमी. सकाळी भिंती पुन्हा तापवायला जी जादा उष्णता लागते, तितकीच आदल्या दिवशी त्या निवत असताना फर्नेस बंद राहून वाचलेली असते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी चर्च बारा तास वापरात असेल तर उरलेल्या १५६ तासांची बचत पदरात पडते.

किती आधी चालू करायचे ते अंदाजाने ठरवू नका. तापमान नोंदणारे छोटे यंत्र मधल्या बाकावर ठेवा आणि कडक थंडीच्या रविवारी तासाला किती अंश चढतात ते पाहा. तासाला ४ अंश चढत असतील तर ५५वरून ६७ला यायला तीन तास, म्हणजे नऊच्या उपासनेसाठी सहाला सुरुवात. पाइप ऑर्गन असेल तर हा वेग फार झाला. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

५५च्या खाली जाताना पाण्याचे नळ कुठून गेले आहेत ते आधी पाहावे. उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीतून स्वच्छतागृहाची नळी गेली असेल तर खोलीत ५० असताना भिंतीच्या पोटात पाणी गोठू शकते, आणि एक फुटलेली नळी दहा वर्षांची बचत घेऊन जाते. विजेच्या पूरक कॉइलचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र) असेल तर मोठी उडी मारू नये. तापमान झटपट चढवायच्या नादात कॉइल पेटते आणि सगळा फायदा जातो. तिथे थोडेच उतरवा किंवा खूप आधीपासून सावकाश चढवा.

ही व्यवस्था मोडते ती बहुतेक माणसांच्या हातून. बुधवारच्या दृढीकरण-वर्गाला (किशोरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला) कुणाला तरी थंडी वाजते, तो तापमान कायम ठेवणारे 'होल्ड' बटण दाबतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत ७२ तसेच राहतात. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन तासांनी आपोआप मूळ वेळापत्रकावर येणारा थर्मोस्टॅट, आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे. राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीपासून) ईस्टरपर्यंत बुधवारी सूपचे जेवण आणि उपासना असते, त्या सहा-सात आठवड्यांचे वेळापत्रक वेगळे भरा. गायकवृंदाचा सराव, समितीच्या बैठका, वर्ग हे सारे बुधवारी संध्याकाळी एकाच फर्नेसच्या टापूतल्या खोल्यांत आणता आले तर बाकीच्या फर्नेस आठवडाभर निवांत राहतात. वेळापत्रक बदलायला पैसे लागत नाहीत, फक्त चार गटांना एकत्र बसवावे लागते.

आणखी एक जागा कुणी पाहत नाही. बाहेरची हवा आत घेणारी झडप गंजून उघडीच अडकलेली असते. पंखा चालू असताना बाहेरच्या जाळीशी टिश्यू कागद धरा. चर्च रिकामे असताना तो आत खेचला जात असेल तर शून्याखालची हवा तुम्ही रात्रंदिवस तापवत आहात.

प्रश्न : आमचे चर्च दगडी, अठराव्या शतकातले. २०२२च्या हिवाळ्यात गॅस महागल्यावर आच कमी केली आणि दोन वर्षांत ऑर्गनच्या लाकडी नळ्यांवर बुरशी आली. ऑर्गनवादक म्हणतात पुन्हा पहिल्यासारखे तापवा. मंडळी 'हिरवा कोंबडा' या चर्चसाठीच्या पर्यावरण-प्रमाणपत्राच्या तयारीत आहे. कुणाचे ऐकायचे? (श्टुटगार्ट, जर्मनी)

बुरशी थंडीने येत नाही, ओलाव्याने येते, आणि ओलावा आवरणे हे हवा खेळवण्याचे काम आहे. मंडळीने हिशेब असा मांडून पाहावा.

८ अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वाफ मावते, १२ अंशांना १०.७. उपासनेआधी आत ५.५ ग्रॅम आहे असे धरा. ८ अंशांना ती ६६ टक्के आर्द्रता झाली, तापवून १२ केले की ५१ टक्के. इथपर्यंत ठीक. आता दीडशे माणसे तासभर बसून गातात. श्वासातून आणि अंगातून माणशी ताशी सुमारे ५० ग्रॅम पाणी हवेत जाते, म्हणजे साडेसात किलो. चर्चचे घनफळ ४,००० घनमीटर असेल तर प्रत्येक घनमीटरमागे १.९ ग्रॅमची भर पडून हवेत ७.४ ग्रॅम झाले. बारा अंशांना हे ६९ टक्के, चालून जाते. पण लोक घरी गेले, आच बंद झाली, हवा परत ८वर आली की तेच ७.४ ग्रॅम ८९ टक्के होतात. ऑर्गनच्या मागे बाहेरची भिंत असते, तिथला कोपरा ६ अंशांवर असेल तर तिथे ७.३च मावतात. पाणी सुटू लागते, आणि पुढच्या रविवारपर्यंत तो कोपरा वाळत नाही.

म्हणून शेवटचे गीत संपून लोक बाहेर पडले की लगेच, हवा निवायच्या आत, समोरासमोरची दारे-खिडक्या पंधरा-वीस मिनिटे सताड उघडा. बाहेर २ अंश आणि ८५ टक्के असेल तर त्या हवेत अवघे ४.७ ग्रॅम आहेत. ती आतली ओल घेऊन जाते. भिंती एवढ्यात थंड होत नाहीत. एक खिडकी तिरकी करून आठवडाभर ठेवणे मात्र वाईट, त्याने तिच्याभोवतीची भिंतच गार पडते आणि तिथेच बुरशी धरते.

खरा धोका एप्रिल-मेमध्ये असतो. बाहेर छान ऊन, १८ अंश, ६० टक्के. सगळ्यांना वाटते दारे उघडून चर्च जरा उबदार करावे. त्या हवेत ९.२ ग्रॅम वाफ आहे, आणि आतल्या दगडी भिंती अजून ९ अंशांवर, जिथे ८.८च मावतात. दार उघडले की भिंतींना घाम फुटतो. त्या दिवसांत हवा पहाटे खेळवावी. आत-बाहेर दोन आर्द्रतामापक लावून, तापमान आणि टक्केवारी यांवरून काढलेले बाहेरच्या हवेतले ग्रॅम कमी असतील तरच दार उघडायचे, असा नियम ठेवा. स्वस्त मापके दहा टक्क्यांनी सहज चुकतात. मीठ थोड्या पाण्यात भिजवून वाटीत ठेवा, वाटी आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर राहू द्या. सकाळी आकडा ७५च्या आसपास हवा. जितका फरक तितकी दुरुस्ती मनात धरा. आतले मापक ऑर्गनच्या पेटीत ठेवावे, दारापाशी नाही.

ऑर्गनवादकांचे एक म्हणणे मात्र पूर्ण मान्य करा : तापमान झपाट्याने चढवायचे नाही. तासाला १ ते १.५ अंशांपेक्षा वेग नको. गरम झोताने हवा एकदम कोरडी पडते, आर्द्रता ४५च्या खाली गेली की लाकूड आकसते, नळ्यांना हवा देणाऱ्या पेटीला चिरा जातात आणि कळ न दाबताही एखादी नळी वाजत राहते. ८ वरून १२ला तीन तास द्या, आणि ऑर्गनपाशी वरची मर्यादा ७० टक्के पाळा.

माणसांना १२ अंशांत ऊब देण्यासाठी बाकाखालची विजेची पट्टी किंवा तापणारी गादी वापरतात. माणशी ८० वॅट धरले तरी १२० जणांना ९.६ किलोवॅट पुरतात. तीही वीस मिनिटे आधी लावायची. इतक्या मोठ्या इमारतीची हवा तापवणारी भट्टी याच्या कितीतरी पट असते. जानेवारी ते ईस्टर उपासना मंडळीगृहात (मंडळीच्या छोट्या सभागृहात) घेणे हा त्याहूनही सरळ मार्ग. त्या काळात मुख्य चर्च ८ अंशांवर किंवा नुसतेच हवा खेळवून ठेवता येते. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चने (ईकेडी) २०२२मध्ये उत्सर्जन २०३५पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करायची दिशा घालून दिली आहे. नुसते थर्मोस्टॅट फिरवून तिथे पोचता येणार नाही, उपासनेची जागाच ऋतूप्रमाणे बदलावी लागेल.

प्रश्न : रंगीत काचांच्या खिडक्यांतून वारा येतो. बाहेरून प्लास्टिकचे पत्रे बसवायचे कोटेशन आले आहे. घ्यावे का? (विस्कॉन्सिन)

घाईने घेऊ नका. रंगीत काच आणि पत्रा यांच्यामधली पोकळी बंदिस्त असली तर उन्हात ती भट्टीसारखी तापते आणि हिवाळ्यात तिच्यात पाणी धरते. शिशाच्या पट्ट्या वाकतात, लाकडी चौकट कुजते, आणि काचेच्या दुरुस्तीचा खर्च गॅसच्या बचतीच्या कित्येक पट होतो. संरक्षक काच लावायचीच असेल तर पोकळीला खाली-वर बाहेर उघडणारी, कीटकजाळी लावलेली छिद्रे ठेवा. पट्ट्या सुटल्या असतील तर त्या आधी बसवून घ्या.

उष्णता मात्र बहुधा छतातून जाते. उबदार हवा वर चढते आणि घंटेच्या मनोऱ्याचे झाकण, दोरीचे भोक, झुंबराच्या साखळीभोवतीची फट, वापरात नसलेले धुराडे यांतून निघून जाते. तिच्या जागी खालच्या दारांतून थंड हवा येते, तिलाच लोक खिडकीचा वारा समजतात. ब्लोअर-डोअर चाचणीत (दारात पंखा बसवून हवेची गळती मोजतात) ५० पास्कल दाब ठेवून धुराच्या कांडीने या फटी शोधतात. झाकणाला रबरी पट्टी आणि वर इन्सुलेशनचा जाड तुकडा लावला तरी फरक लगेच कळतो. आधी फटी बुजवा, इन्सुलेशन पसरा ते नंतर. पोटमाळ्यावर राखाडी-सोनेरी, खड्यांसारखा व्हर्मिक्युलाइट (इन्सुलेशनसाठी वापरलेले खनिज) पसरलेला असेल तर त्याला हात लावू नका. त्यात फुफ्फुसांना घातक असा अॅस्बेस्टॉस असू शकतो, आधी तपासणी करून घ्या.

प्रश्न : आमची मराठी शाळा आणि दिवाळीचा कार्यक्रम ल्युथरन चर्चच्या सभागृहात होतो. भाडेकरू म्हणून आम्ही काय करू शकतो? (मिनेसोटा)

बरेच काही. वर्षभराच्या तारखा आणि वेळा चर्चच्या कार्यालयाला एकदम द्या, म्हणजे थर्मोस्टॅटमध्ये त्या भरता येतील आणि 'मराठी लोक येतात' म्हणून सगळा शनिवार तापवून ठेवावा लागणार नाही. सामान आत आणताना दाराला खुर्ची लावून ते उघडे ठेवू नका. दोन माणसे दारावर उभी करा.

स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा मिनिटाला १,५०० घनफूट हवा बाहेर टाकत असेल आणि बाहेर १० अंश फॅरनहाइट असेल, तर ती हवा पुन्हा तापवायला तासाला एक थर्मपेक्षा जास्त गॅस जातो. पुऱ्या तळताना तो चालू हवाच, गॅसच्या शेगडीवर त्याशिवाय काहीही शिजवू नये. तळण संपून पाच मिनिटे झाली की बंद करा, जेवणे होईपर्यंत फिरवत ठेवू नका. चहाचे दोन मोठे विद्युतकुंभ एका सर्किटवर लावू नका. प्रत्येकी १,५०० वॅट. २० अँपियरच्या सर्किटवर सलग १,९२० वॅटच घ्यायचे असतात. ब्रेकर पडला की कुणीतरी तळघरात जाऊन भलतेच बटण दाबतो आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राचे किंवा फ्रीजचे सर्किट बंद राहते.

प्रश्न : सौरपट्ट्या लावाव्यात असा ठराव झाला आहे. चर्चला कर नसतो, मग करसवलतीचा उपयोग काय? (मिनेसोटा)

अमेरिकेच्या २०२२च्या कायद्यामुळे करमुक्त संस्थांनाही खर्चाच्या ३० टक्के रक्कम रोख परत मिळू शकते. त्यासाठी आयआरएसकडे (अमेरिकेच्या करखात्याकडे) आधी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, मग ९९०-टी फॉर्म भरायचा. एरवी वार्षिक विवरणपत्र न भरणाऱ्या चर्चलाही तो चुकत नाही, आणि तो उशिरा भरला की पैसे अडकतात. ४ जुलै २०२५च्या कायद्याने मुदत आखडली आहे : काम ४ जुलै २०२६पर्यंत सुरू झालेले हवे, नाहीतर २०२७ संपण्यापूर्वी यंत्रणा चालू झालेली हवी. २०२६पासून सुरू होणाऱ्या कामांना चीनसारख्या ठरावीक देशांशी संबंधित कंपन्यांच्या सुट्या भागांवरचे निर्बंधही लागतात. ठेकेदाराकडून ते लेखी घ्या.

परंपरेने वेदी पूर्वेला असते, त्यामुळे जुन्या चर्चच्या छताची एक लांब उतरण नेमकी दक्षिणेला येते. ही जागा उत्तम. मिनेसोटात एक किलोवॅट वर्षाला १,२०० युनिटांच्या आसपास देतो. पण दोन गोष्टी आधी पाहा. छत पंधरा वर्षांहून जुने असेल तर ते आधी बदला, पट्ट्या काढून पुन्हा लावणे महाग पडते. आणि बिलात 'डिमांड'चा आकार वेगळा आहे का ते वाचा. तो महिन्यातल्या सर्वांत जड पंधरा मिनिटांवर लागतो. रविवारी सकाळी ढग असले की ती पंधरा मिनिटे तशीच राहतात, आणि ठेकेदाराने दाखवलेली बचत कागदावर राहते. रात्रीचा १.७५ किलोवॅटचा चोर पकडल्यावर किती पट्ट्या लागतात, हे पुन्हा मोजा. निम्म्यात भागेल.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये वीस पंखे आहेत. सगळे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरीचे) करायचे का? आवारात वसतिगृहही आहे. (छिंदवाडा)

चर्चमधले बदलू नका, वसतिगृहातले बदला. जुना पंखा ७५ वॅट, नवा ३० वॅट, वाचतात ४५. चर्चमध्ये आठवड्याला चार तास आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर वीस पंख्यांत मिळून १४४ युनिटे वाचतात. आठ रुपये दराने हजार-बाराशे रुपये, खर्च साठ हजार. पैसे फिटायला पन्नास वर्षे. तोच पंखा वसतिगृहात दिवसाला १५ तास, २५० दिवस फिरतो. तिथे एकाच पंख्यामागे वर्षाला १६९ युनिटे, साडेतेराशे रुपये. तीन हजारांचा पंखा सव्वादोन वर्षांत वसूल होतो.

बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाकायला वायरमनला सांगा. तो तसाच राहिला तर पंख्यातले इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते, आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. काढलेले पंखे चांगले असतील तर चर्चमधल्या कुरकुरणाऱ्यांच्या जागी लावा. चर्चच्या छताला पत्रा असेल तर उरलेल्या पैशांतून मार्चच्या आत त्यावर पांढरा परावर्तक रंग द्या. पत्रा आधी घासून, गंज काढून, प्रायमर मारून घ्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.